वनविषयक शब्दांचा पाठ
(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासाकरिता)

प्रास्ताविक

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळशा शाळा वनाच्या काठी आहेत. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव, पुसद, उमरखेड या भागांतील मुले सागाच्या पानांच्या द्रोणात रानमेवा खातात, मोहफुले वेचून मग शाळेत येतात आणि झाडाचे नाव पान पाहून सांगतात. वन म्हणजे काय हे त्यांना शिकविण्याची गरज नाही. परंतु वनासंबंधी कागदावर जे शब्द लिहिले जातात, ते या मुलांना व त्यांच्या पालकांना परके असतात. आणि पुष्कळदा ते आपणा शिक्षकांनाही परकेच असतात.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव सेवेच्या आरंभीच आला. एका सायंकाळी एक पालक हातात एक कागद घेऊन शाळेत आले व म्हणाले, “गुरुजी, एवढं वाचून सांगा.” कागदावर ‘राखीव वन’, ‘कक्ष क्रमांक’, ‘नियतक्षेत्र’ असे शब्द होते. कागद अडखळल्यावाचून वाचून दाखविला. त्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे माझं वावर कुठं आलं?” या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. अक्षरे ओळखता आली, अर्थ मात्र हाती लागला नाही. त्या दिवशी शिक्षक व निरक्षर पालक यांच्यात फारसे अंतर नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

सबब या लेखात वनशास्त्रातील व वनसंवर्धनातील मुख्य शब्दांचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. वनविषयक शब्द हे नुसते वस्तूंचे नाव नसते. कोणी काय करावे, काय करू नये आणि कोणाचा हक्क कोठवर पोहोचतो, हे त्या शब्दावर ठरते. हा मुद्दा ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

१. राखीव आणि संरक्षित

चौथीच्या वर्गात ‘राखीव वन’ व ‘संरक्षित वन’ यांत अधिक कडक बंधन कोठे, असे विचारल्यास बहुतेक मुले ‘संरक्षित वनात’ असे उत्तर देतील. शब्दाच्या रूपावरून तसे वाटणे साहजिक आहे. पण वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ या कायद्याने सरकारी वनांचे जे वर्ग केले, त्यांत ‘राखीव वन’ हा सर्वांत कडक वर्ग होय. राखीव वनात झाड तोडणे, गुरे चारणे, विस्तव लावणे, दगड काढणे, शेतीसाठी जमीन मोकळी करणे या गोष्टींना मुळातच मनाई असते; परवानगी अथवा मान्य झालेला हक्क असेल तेवढीच मोकळीक. ‘संरक्षित वना’त याउलट रीत आहे. तेथे शासनाने नियम करून ज्या गोष्टींना मनाई केली असेल तेवढ्याच वर्ज्य, एरव्ही मोकळीक. मुलांना हे दोन वाक्यांत सांगता येईल. राखीव वनात, जे दिलेले नाही ते मना. संरक्षित वनात, जे मना केलेले नाही ते मोकळे.

एखादे वन राखीव होते ते एका दिवसात नव्हे. प्रथम कलम ४ खाली शासन आपला हेतू जाहीर करते. त्यानंतर वन जमाबंदी अधिकारी गावकऱ्यांच्या हक्कांची चौकशी करतो आणि शेवटी कलम २० खाली अंतिम अधिसूचना निघते. म्हणून कागदावर ‘कलम ४’ आहे की ‘कलम २०’, हे पाहणे महत्त्वाचे असते. पहिल्या पायरीवर हक्क सांगावयास अवसर असतो. शेवटच्या पायरीवर तो बहुतांशी सरून गेलेला असतो.

याच कायद्यात ‘ग्रामवन’ असा तिसरा शब्द आहे. राखीव वनावरील शासनाचे अधिकार एखाद्या ग्रामसमाजाकडे सोपविले, म्हणजे ते ग्रामवन झाले. ‘वनग्राम’ हा शब्द याच्याशी फार जुळता आहे, परंतु अर्थ अगदी निराळा. वनग्राम म्हणजे वनजमिनीवर वसलेले गाव. एकात वन गावाचे, दुसऱ्यात गाव वनातले. समास उलटला की अर्थ कसा पालटतो, हे दाखविण्यास व्याकरणाच्या तासालाही हे उदाहरण उपयोगी पडेल.

आणखी एक घोटाळा टाळावा. ‘संरक्षित वन’ व ‘संरक्षित क्षेत्र’ हे एक नव्हेत. ‘संरक्षित क्षेत्र’ ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील संज्ञा असून तीत अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने येतात. आपल्या जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. उमरखेडकडील पैनगंगा अभयारण्यही याच प्रकारचे. अभयारण्यात काही गोष्टी नियमाने चालू राहू शकतात; राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास पूर्ण बंदी असते. तेव्हा ‘संरक्षित’ हा एकच शब्द एके ठिकाणी सर्वांत सैल आणि दुसऱ्या ठिकाणी फार कडक बंधन दर्शवितो. पुढचा शब्द ‘वन’ आहे की ‘क्षेत्र’, हे वाचल्याशिवाय अर्थ करू नये.

२. वऱ्हाडातील जुनी वर्गवारी व पुसदचा सत्याग्रह

आपला जिल्हा वऱ्हाडचा. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडातील सरकारी वनांचे अ, ब व क असे वर्ग पाडलेले होते. अ वर्ग इमारती लाकूड व जळण यांसाठी, ब वर्ग गवतासाठी व क वर्ग गुरांच्या चराईसाठी. गावाच्या चराईकरिता ठेवलेल्या जमिनीस ‘ई-क्लास’ म्हणण्याचा प्रघात तर आजही आपल्या खेड्यांत चालू आहे. इंग्रजी पाचवे अक्षर ज्यांनी शाळेत कधी गिरविले नाही, असे गुराखीही ‘ई-क्लासात गुरं नेली’ असे सहज म्हणतात. ही जमीन महसूल खात्याकडील असते, वनखात्याकडील नव्हे. हा भेद मुलांना आवर्जून सांगावा.

गवतासारख्या वस्तूस कायद्याने किती महत्त्व येते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत समुद्रकाठच्या लोकांनी मीठ तयार केले. वऱ्हाडात समुद्र नाही. परंतु येथील कुणबी, गोंड, बंजारा या सर्वांस गवत व जळण यांचे निर्बंध रोज जाचत होते. म्हणून वणी येथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव वनातील गवत परवान्यावाचून कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. जिल्ह्यातील मुलांना स्वातंत्र्यलढा शिकविताना ‘राखीव’ हा शब्द येथे समजावून द्यावा. अर्थ कळला नाही, तर मूठभर गवत कापण्यात शौर्य ते काय, असे मुलांस वाटेल. अर्थ कळला म्हणजे प्रसंगाचे मोल कळते.

३. वनाचे भाग व त्यांवरील अधिकारी

जमिनीस जसा गट क्रमांक, तसा वनास कक्ष क्रमांक. ‘कक्ष’ हा वनाचा नकाशावर आखलेला व क्रमांक दिलेला लहान कायम भाग होय. काही कक्ष मिळून ‘नियतक्षेत्र’ होते. त्यावर वनरक्षक असतो. लोक त्यास ‘गार्ड’ अथवा जुन्या रीतीने ‘नाकेदार’ म्हणतात. काही नियतक्षेत्रे मिळून ‘वर्तुळ’, त्यावर वनपाल. वर्तुळे मिळून ‘परिक्षेत्र’. त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘रेंजर’. परिक्षेत्रे मिळून ‘वनविभाग’, त्यावर उपवनसंरक्षक. यवतमाळ, पुसद व पांढरकवडा हे आपल्या जिल्ह्यातील वनविभाग होत.

येथे ‘बीट’ या शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. नियतक्षेत्रास लोक ‘बीट’ म्हणतात, आणि रचून ठेवलेल्या जळाऊ लाकडाच्या थप्पीसही ‘बीट’च म्हणतात. ‘बीटावर गेला’ व ‘बीट आणले’ यांतला भेद मुले संदर्भाने ओळखतात. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हा धडा त्यांना निराळा शिकवावा लागत नाही.

४. झाडाची वाढ, तोड व मोजणी

वनातील झाडे केव्हा, कोठे व किती तोडावयाची हे पुढील काही वर्षांसाठी आधी लिहून ठेवतात. त्या लेखास ‘कार्य आयोजना’ म्हणतात. तोडीसाठी ठरवून दिलेल्या पट्ट्यास ‘कूप’ म्हणतात. संस्कृतातील कूप म्हणजे विहीर. त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही, हा परकी भाषेतून आलेला आहे. कुपात उरलेल्या झाडांना हवा व उजेड मिळावा म्हणून मधली दुबळी झाडे काढणे ती ‘विरळणी’. शेतात कपाशीची अथवा ज्वारीची विरळणी करणाऱ्या मुलांस हा शब्द उलगडून सांगण्याची गरज पडणार नाही.

तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून जे नवे धुमारे येतात त्यास ‘फुटवा’ म्हणतात. सागास फुटवा चांगला येतो. म्हणून खुंट जमिनीलगत व उतरता तोडावा, म्हणजे त्यावर पाणी साचून तो कुजत नाही. बी पडून आपोआप रोप उगवणे ती ‘नैसर्गिक पुनर्निर्मिती’. माणसाने लावून वाढविलेले ते ‘रोपवन’. सागाचे रोपवन करताना पुष्कळदा आख्खे रोप लावीत नाहीत. रोपवाटिकेतील रोपाचे खोड व मूळ छाटून, सुमारे वीतभर मूळ व वर थोडेसे खोड एवढाच तुकडा लावतात. त्यास ‘सागजडी’ म्हणतात. पाऊस पडताच ती फुटते.

झाडाची जाडी मोजावयाची ती बुंध्याशी नव्हे, कारण बुंधा पसरट असतो. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीशी, दोरी गुंडाळून ‘घेर’ घेतात. घेरास ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. कापलेल्या ओंडक्याचे घनफळ काढण्याची व्यवहारातली रीत अशी : मधल्या घेराचा चतुर्थांश घ्यावा, त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे. घेर ८० सेंटिमीटर व लांबी ५ मीटर असल्यास चतुर्थांश ०.२० मीटर, वर्ग ०.०४, व घनफळ ०.२० घनमीटर. वर्तुळाच्या सूत्राने हेच घनफळ सुमारे ०.२५ घनमीटर येते. पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग व्यवहाराच्या रीतीत हिशेबाबाहेर राहतो. सातवीच्या वर्गास हे गणित अवश्य द्यावे. घेणाऱ्यास व देणाऱ्यास कोणती रीत सोयीची, यावर मुले आपण होऊन विचार करू लागतील.

५. वणवा, जाळरेषा आणि माती

आपल्याकडे वणव्याचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत. याच दिवसांत मोहफुले पडतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. तो विस्तव पूर्ण विझविला नाही, तर सागाच्या वाळक्या पानांतून दूरवर पसरतो. मोठी झाडे बहुधा तग धरतात. जळतात ती वीतभर रोपे. एकच रोप दरवर्षी जळते व दरवर्षी मुळातून फुटते, परंतु झाड कधी होत नाही. वन उभे दिसते, पण त्यास तरुण पिढी नसते.

वणवा पसरू नये म्हणून वनखाते आगीचे दिवस लागण्यापूर्वी एक पट्टा मुद्दाम साफ करून त्यातील गवत-पाचोळा देखरेखीखाली जाळून टाकते. हीच ‘जाळरेषा’. नाव ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की, सरकार स्वतः जाळते, मग आम्ही का जाळू नये? जळण्याजोगे काही उरले नाही की आग तेथे थांबते, हे तत्त्व मुलांना सांगावे आणि मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूस करण्याचा अथवा खाली जुने लुगडे अंथरण्याचा उपाय घरी सांगावयास लावावा.

वन विरळ झाले की उतारावरची माती वाहून जाते. तिला अडविण्यासाठी समान उंचीच्या रेषेवर चर खणतात. त्यास ‘समतल चर’ म्हणतात. ‘कुऱ्हाडबंदी’ व ‘चराईबंदी’ हे शब्द मात्र कचेरीतून लादलेले नसावेत. गावाने आपल्या निश्चयाने केलेली बंदीच टिकते. चराईबंदीच्या जागेतून गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली, तर बंदी गरिबाच्या गुरांवर उलटत नाही.

‘संरक्षण’ व ‘संवर्धन’ यांतील भेदही येथेच सांगावा. आहे ते नाश होऊ न देणे हे संरक्षण. ते वाढेल, फुटेल व पुढेही पुरेल अशा रीतीने वापरणे व जोपासणे हे संवर्धन. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० या कायद्याने वनजमीन वनेतर कामासाठी देण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता आवश्यक केली. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, या कायद्यापुरता ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. एका शब्दाच्या अर्थाने देशभरच्या जमिनींचा व्यवहार बदलला, याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

‘भ्रमणमार्ग’ हा शब्द अलीकडे वारंवार ऐकू येतो. एका वनातून दुसऱ्या वनात जाण्याची वन्यप्राण्यांची वाट, असा त्याचा अर्थ. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेते, ओढे व रस्ते ओलांडीत १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील यंत्रपट्ट्यामुळे त्याची वाट नकाशावर उमटली. अभयारण्याची सीमा कागदावर असते. वाघाच्या वाटेवर आपली शेते व गावेही असतात, म्हणून या शब्दाचा संबंध आपल्या सुरक्षिततेशीही आहे.

६. वनउपज व वनहक्क

इमारती लाकूड सोडून वनातून मिळणारे जे वनस्पतिजन्य पदार्थ, त्यांस ‘गौण वनउपज’ म्हणतात : मोह, चारोळी, डिंक, मध, लाख, तेंदूपाने, औषधी मुळ्या इत्यादी. ‘गौण’ म्हणजे दुय्यम. परंतु ज्या घरात उन्हाळ्यातला पैसा तेंदूपानांतूनच येतो, त्या घरास ती गौण नव्हे. तेंदूपाने मोजण्याची रीत अशी : ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीस ७०,००० पाने हातांनी तोडावी, जुळवावी व बांधावी लागतात. गुणाकाराचे हे उदाहरण आपल्या मुलांस बाजारहाटाच्या उदाहरणांहून अधिक जवळचे वाटेल.

बांबूची कथा तर विज्ञानाच्या तासालाही सांगावी. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत मात्र त्याची गणना वृक्षांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनउपजात घातले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. पुढे २०१७ साली जुन्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला.

वनहक्क कायद्यातील तीन शब्द प्रत्येक शिक्षकास यावेत. ‘वैयक्तिक वनहक्क’ म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील कुटुंबाचा हक्क. त्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर. तो वारसांस मिळतो, परंतु विकता येत नाही. अनुसूचित जमातीबाहेरील दावेदारास त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ‘सामूहिक वनहक्क’ म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या वनावरील सर्व गावाचा हक्क. त्यात वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही येतो. आणि ‘वनहक्क समिती’ म्हणजे ग्रामसभेने दाव्यांच्या पडताळणीसाठी निवडलेली समिती. दाव्याचा आरंभ ग्रामसभेतच होतो, हे विसरू नये.

७. पाठ कसा घ्यावा

हे शब्द फळ्यावर लिहून पाठ करवून घेऊ नयेत. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत : ‘घरचा शब्द’ व ‘कचेरीचा शब्द’. नाकेदार–वनरक्षक, जंगल–वन, वावर–धारण जमीन, अशा जोड्या मुलांकडूनच भरून घ्याव्यात. वर्गात गोंड, कोलाम, बंजारा घरांतील मुले असतील, तर त्यांच्या घरच्या भाषेतील शब्दांसाठी तिसरा रकाना आखावा. झाडांची जितकी नावे त्या घरांत सापडतील, तितकी आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. अशा वेळी शिक्षकाने विद्यार्थी होण्यास संकोच करू नये.

एक तास शाळेबाहेर घ्यावा. दोरीने घेर मोजावा. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडून त्याचा तांबडा रंग दाखवावा. वनरक्षकास बोलावून कक्षाच्या सीमेची खूण दाखविण्याची विनंती करावी. वनहक्काचे कागद कोणाच्या घरी असतील, ते मात्र वर्गात मागवू नयेत. तो त्या कुटुंबाचा खाजगी ठेवा आहे. मुलाने शब्द शिकून घरी जावे व आजोबांना कागद वाचून दाखवावा, एवढेच पुरे.

प्रस्तुत लेखकाकडे आलेले ते पालक पुन्हा आले नाहीत. त्यांना उत्तर कोणी दिले असेल, की दिलेच नसेल, हे ठाऊक नाही. परंतु तसा कागद घेऊन येणारे पालक प्रत्येक शाळेच्या दारी आजही येतात. त्यांना अर्थ सांगता यावा एवढी तयारी शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य करावी.

स्वाध्याय

१. राखीव वन व संरक्षित वन यांतील भेद आपल्या गावाजवळच्या वनाच्या उदाहरणाने सांगा.
२. ग्रामवन–वनग्राम, संरक्षित वन–संरक्षित क्षेत्र, संरक्षण–संवर्धन या जोड्यांतील फरक एकेका वाक्यात लिहा.
३. एका ओंडक्याचा मधला घेर १ मीटर व लांबी ४ मीटर आहे. व्यवहाराच्या रीतीने त्याचे घनफळ काढा. (उत्तर : ०.२५ घनमीटर)
४. एका कुटुंबाने दिवसाला १५० पुडे बांधले. एक प्रमाण गोणी भरण्यास किती दिवस लागतील व एका दिवसात किती पाने तोडावी लागतील?
५. आपल्या गावाची चराईची जमीन कोणत्या खात्याकडील आहे, याची ग्रामपंचायतीत चौकशी करून माहिती लिहा.